पाठीचा डबा

हॅलो? … हां, कोंडीराम बोलतोय. कोण? … वर्षाली! अगं, कंपनीच्या गेटवरच्या फोनवर कशी? … व्हय, मोबाइल लॉकरमधी असतो शिफ्टभर. समाधान वॉचमन पळत आला बोलवायला. म्हणाला, काका, गोव्याहून सूनबाईंचा फोन हाय … काय झालं? बोल लवकर, मशीन तसंच सोडून आलोय.

… कुणाचं विमान? … आपल्या अजिंक्यचं?

… हळू बोल पोरी. गेटसमोर कांद्याचे ट्रक चाललेत, काय ऐकू येत न्हाई. … कधी? … सकाळी. समुद्रावर. … शत्रूनं पाडलं? … बरं, ते सांगत न्हाईत. पण दोघं बाहेर पडले ना? … इजेक्ट झाले. म्हंजे आमच्या मशीनमधून पार्ट इजेक्ट होतो, तसं? … पार्ट खाली क्रेटमधी पडतो गं. ह्यो कशात पडला?

… व्हय. पाण्यातच पडणार.

रडू नको. … अगं ऐक ना, रडू नको. दुसरा कोण होता? … पायलट. त्याला हेलिकॉप्टरनं उचलला? आन् आपला? … दिसत न्हाई म्हंजे? एकाच विमानातनं पडले ना दोघं! … वारं. लांब गेला असंल. … किती वेळ झाला? … अडीच तास!

… आईला सांगितलंस? … नको. अजाबात नको. लढाई सुरू झाल्यापासनं टीव्ही लावू देत न्हाई ती घरात. मी सांगतो घरी जाऊन. … काय सांगणार म्हंजे? बघतो की.

… जाकीट आपोआप फुगतं? … नक्की? आमच्याकडं शंभरातले दोन पार्ट रिजेक्ट होतात वर्षाली. ते जाकीट कोण तपासतं? नीट तपासतात ना? … बरं, बरं. न्हाई बोलत तसं.

काय? … दुसरा फोन वाजतोय? घे. अगं घे की! ह्यो ठेवू नको, चालूच राहू दे…

समाधान, पाणी दे भाऊ. … न्हाई, बसत न्हाई मी. … येतं रे पोहायला. मीच शिकवला, मोशीला, इंद्रायणीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आठ वर्षांचा होता. एक दिवस मधोमध नेला आन् गुपचूप गाठ सोडली. म्हटलं, आता येतंय की. बुडायला लागला राव! बाहेर काढला तर खोकतोय, रडतोय. मी वर त्यालाच ओरडलो. येड्या, हातपाय मारून दमतोस कशाला? उताणा पड, आभाळाकडं बघ, पाणीच उचलतं. … कसला ऐकतोय! सहा महिने बोलला न्हाई माझ्याशी. आबांनी फसवलं म्हणायचा. अजून म्हणतो. हसत म्हणतो, पण म्हणतो.

… काय? सुपरवायझर? मशीन गेलं खड्ड्यात! त्याला म्हणावं, तू उभा राहा.

हॅलो? … वर्षाली? … बोल ना! … रडतीस का हसतीस, कळंना मला. … सापडला? … जिवंत हाय? … पुन्हा बोल. … अजून एकदा बोल.

… पाय मोडलाय? मोडू दे. … पाठीला मार? हुईल बरं. … शुद्धीवर हाय ना? बोलला? … तुला काय निरोप? … आं? मला?

… काय म्हणाला?

… ‘आबांना सांगा, उताणाच पडून होतो.’

… हाय, हाय लाइनवर. … न्हाई, खोकला आला जरा. … तुला न्हाई कळायचं ते. मला कळलं. … अगं व्हय, रडतोय, मग काय करू? ठेव आता. आईला सांगायचंय. … समाधान, लॉकरची चावी दे रे.