ऑफिसच्या वेळेत विधुर

मी एकदा भर ऑफिसच्या वेळेत विधुर झालो, ते सांगितलं का तुम्हाला? तेव्हा मी तलासरीकडे एका दवाखान्यात क्लार्क होतो. मुंबईच्या एक संशोधक डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या सरावासाठी बटणावर चालणारी, खोटं रक्तही वाहणारी रबराची बाई घेऊन आल्या. आमच्या नव्या नर्सच्या, सुनंदाच्या हातून ती रक्तस्रावाने गेली.

"हरकत नाही. बटण दाबा, पुन्हा करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण मॅडम, बाहेर नवरा बसलेला असतो. त्याला कसं सांगायचं, तेही शिकवा ना," सुनंदा म्हणाली.

मग नवरा म्हणून मला बाकावर बसवलं. सगळे हसत होते. सुनंदा पाण्याचा पेला घेऊन आली. मग म्हणाली, "काका, आधी पाणी घ्या."

हसणं थांबलं. रबराची बाई बटण दाबताच जिवंत झाली. मला मात्र डहाणूला घरी पोचल्यावर बायको "उशीर का?" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे बरं वाटलं.