आधी छातीकडे बघ

“आधी पेशंटच्या छातीकडे बघ, मग मशीनकडे!” कोट्टयमच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढच्या म्हातारीला पाहून पिकल्या केसांचे डॉक्टर थोरल्या ताईला हाक मारावी तसे म्हणाले, “एलिकुट्टी चेची, तीस वर्षं तुमचा हा आवाज कानात आहे.”

“व्हेंटिलेटर ओरडायला लागला की तू त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचास, जोबी.”

“हळू बोला! माझे शिकाऊ डॉक्टर ऐकताहेत.”

“ऐकू देत की. नर्सचं ऐकून डॉक्टर झिजत नाही.”

“चेची, सर आम्हालाही हेच शिकवतात,” त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली. “आयसीयूतल्या पहिल्याच महिन्यात सरांनी असाच एक नावाडी वाचवला. मशीनची नळी सोडवली, हातानं फुगा दाबून श्वास दिला, अडकलेला कफ ओढून काढला.”

“हो का? छान शिकवतो हं तुमचा सर.”

“चेची, तुम्ही तेव्हाही अशाच गप्प बसलात,” डॉक्टर म्हणाले.

“तेव्हाच्या मोठ्या सरांनी तुझी पाठ थोपटली होती रे. कशाला मोडता घालू? चल, माझा नंबर आला.”

“थांबा. पोरांनो, तो फुगा या चेचींनी दाबला होता. मी नुसता मशीनची बटणं दाबत होतो.”