पोटाचा काय्तरी

अरे, बद्धकोष्ठाची जुनी औषधं आतड्यात नेमकं काय करतात, यावर मी संशोधन करते. गावी मिठबावला बाबा मात्र लोकांना लाजून सांगायचे, “पोटाचा काय्तरी शिकता.”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्यांनी त्यांचंच पोट अडलं. बरेच दिवस सोसून शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “गो बाय, तुझा ता औषध माका चलात?”

डॉक्टरांना विचारून मी दिलं. “बाबा, हे आतड्यात पाणी ओढून घेतं...” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं काम शेवटपर्यंत ऐकलं.

पोट मोकळं झालं त्याच सकाळी शेजारचे भाऊकाका भेटायला आले. बाबा अंगणातूनच ओरडले, “भाऊ, माझा चेडू ह्याचोच अभ्यास करता! तुका त्रास आसा तर लाजू नको, विचार तेका!”