जिना इकडे आहे

नाही हो, पत्ता बरोबर आहे, भानुमतीबाई वरच राहतात – जिना माझ्या दुकानातूनच आहे – पण आधी बसा, चहा सांगितलाय. पेन्शनच्या तपासणीला मराठी माणूस आला, बरं झालं. मागचे भैयाजी वर चढलेच नाहीत. रस्त्यावरून मान वर केली, बाई सज्ज्यात, कपाळावर कुंकू – लिहून मोकळे, पुनर्विवाह झाला. विधवा पेन्शन बंद. आता इकडे हिंदी मुलखात भांगात सिंदूर म्हणजे नवरा आला, त्यांनी कुंकूही त्यातच धरलं. पण गळ्यात मंगळसूत्र कुठे होतं? कुंकू तर लेकीनं लावायला लावलं – विद्या लग्नाच्या दिवशी अडून बसली, आईचं कपाळ मोकळं असेल तर मी बोहल्यावर चढत नाही. तुम्हाला काय सांगायचं, आपल्यात चालतं आता. पण बाईंना विचारलं कुणी? ना नोटीस, ना बोलावणं. अहो, मी तोळाभर हिंग तोलतो तेसुद्धा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, काटा बघ बाबा आणि मग ने. इथे जित्या बाईला तोललं ते पाठीमागे. कचेरीत गेल्या तर म्हणे, अम्माजी, काग़ज़ में आपकी शादी हो चुकी है. ह्या म्हणाल्या, किससे, मुझे भी तो बताओ. सगळे हसले. तेव्हापासून रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून खातायत.

लग्न कसलं हो. झालं असतं तर मला कळलं नसतं? दोन्ही वेळा जेवतो त्यांच्याकडे – आमची ही गेल्यापासून – शिधा माझा, हात त्यांचा. गुरुवारी लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात नेतो स्कूटरवरून, गुडघे धरतात त्यांचे. लोक बोलतात, बोलोत. मीच एकदा विचारलं होतं, करून टाकू या का – तर म्हणाल्या, अनंतराव, ह्या वयात दुसऱ्याचं नाव नको, आहे ते पुरे. संपला विषय. आमटी मात्र त्या दिवशीही गरमच वाढली –

हे काय लिहिताय? शिधा? स्कूटर? अहो, ते मी आपलं घरच्यासारखं बोललो. खोडा ते. खोडता येत नाही? मग वर चला. लिहिलंय ते त्यांच्यासमोर वाचा, त्या काय म्हणतात तेही लिहा. माझ्या बोलण्यावरून त्यांचं पोट का ठरवता.

चहा तरी – कुठे निघालात? साहेब, जिना इकडे आहे. साहेब, इकडे आहे जिना.