पायऱ्यांची कडी बाहेरून

पोलीस ठाणे दौलताबाद, जि. छत्रपती संभाजीनगर

नाव कडूबा दादाराव शेजूळ, वय ६६ वर्षे, धंदा शेती, पूर्वी ट्रक ड्रायव्हर, शिक्षण सातवी, रा. पडेगाव, मारुती मंदिरामागे.

मला हवालदार साहेबांनी समोर बसवून विचारले व खरे तेवढेच सांगायला बजावले, त्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी आवडाबाई हिच्यासह राहतो. मुलगा पुण्याला नोकरीस आहे. मी उभी हयात ट्रकवर काढली. मोसंबी घेऊन दिल्ली, कानपूर, कोलकाता, कुठे गेलो नाही असे नाही. माझी पत्नी घर व शेत सांभाळून होती. दौलताबादचा किल्ला आमच्या गच्चीवरून रोज दिसतो. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली, तिने तो अजून गच्चीवरूनच पाहिलेला आहे. पुढच्या खेपेला नेतो असे मी म्हणत आलो. खेपा पुष्कळ झाल्या.

माझ्याकडे जुनी पिकअप आहे. यंदा मी तिच्या हौद्यावर पत्र्याची खोली बसवून घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी व पंखा आहे. मागे दार असून दाराला गजांची खिडकी आहे. गज चोरांसाठी लावले होते. आज जमलेल्या लोकांचा गैरसमज त्या गजांमुळेच झाला, हे लिहून घ्यावे.

ही खोली पत्नीला फिरवण्यासाठी केली. परंतु तिचे गुडघे गेलेले असल्याने तिला ना पुढच्या सीटवर चढता येईना, ना मागे. मागच्या दाराशी स्टूल ठेवून पाहिले, ते कलंडले. त्या वेळी ती मला जे बोलली ते या प्रकरणात कामाचे नाही. म्हणून गावातला रामकिसन वेल्डर याच्याकडून मागच्या दाराला लोखंडी घडीच्या पायऱ्या बसवून घेतल्या. उघडल्या की जमिनीपर्यंत येतात. मिटल्या की उभ्या राहून दाराला टेकतात, मग दार उघडत नाही.

पायऱ्या बसवताना रामकिसनने विचारले, "मामा, कडी आतून ठिवू का भाईरून?" मी बाहेरून सांगितले. ट्रकचा फाळका, म्हणजे मागची उघडझाप होणारी फळी, बाहेरूनच लागते. आवडाबाई तिथेच लिंबाखाली बसलेली होती. ती काहीतरी बोलली. ग्राइंडर चालू असल्याने मला ऐकू आले नाही. मी रामकिसनला पुढचे काम करायला सांगितले.

आज सकाळी पत्नीने पायऱ्यांना हळदी-कुंकू लावले, नारळ फोडला व उजवा पाय आधी टाकून स्वतःच्या पायाने वर चढली. कुणाचा हात धरला नाही. तिने नवे लुगडे नेसलेले होते. आत जाऊन ती पलंगावर बसली व पंखा लावून पाहिला. मी पायऱ्या मिटल्या, कडी घातली, कडीला कुलूप लावले, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी काढली.

कुलूप का लावले, असे मला विचारण्यात आले. माल चढला की फाळका लावायचा आणि फाळक्याला कुलूप घालायचे, ही चाळीस वर्षांची सवय आहे. हात आपोआप चालतो. हे ऐकून हवालदार साहेबांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा लिहायला घेतले.

दौलताबादला पोचल्यावर किल्ल्यासमोर गाडी लावली. तिथल्या हॉटेलात माझा जुना जोडीदार पुंजाराम चहा पीत बसलेला दिसला. तो पूर्वी माझ्या गाडीवर क्लीनर होता. त्याने हाक मारली, मी गेलो. पत्नी आत झोपली असेल असे मला वाटले. खरे म्हणजे त्या वेळी मला काही वाटलेच नाही. आम्ही जुन्या घाटांच्या आणि जुन्या टायरांच्या गोष्टी काढल्या.

पत्र्यावर थापा पडल्याचा आवाज मला आला होता का, असे विचारण्यात आले. आला होता. परंतु आमच्या धंद्यात एक थाप म्हणजे थांबा आणि दोन थापा म्हणजे जाऊ द्या. ती दोन-दोन थापा मारत होती. त्यामुळे मी दुसरा चहा सांगितला.

दरम्यान गाडीजवळ पेरू विकणारी भागूबाई हिने खिडकीच्या गजांमागे बाई पाहिली व कडीला कुलूप पाहिले. पत्नीचा मोबाइल पुढे केबिनमध्ये चार्जिंगला असल्याने ती मला फोन करू शकली नाही. भागूबाईने पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत तिने पत्नीला गजांतून पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून दिल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत. तेवढ्या वेळात पत्नीने तिला आमच्या संसाराची सगळी हकिगत सांगितली असावी, कारण पोलिसांची गाडी पाहून मी परत आलो तेव्हा तिथल्या समस्त पेरूवाल्या मला नावाने ओळखत होत्या. भागूबाई मला म्हणाली, "काय रं कडूबा, म्हातारपणी बायकूला कोंडून कुठं नेऊ लागलास?" मी किल्ला दाखवायला आणले असे सांगितले. त्यावर सगळ्या हसल्या.

पोलिसांसमक्ष मी कुलूप काढून पायऱ्या खाली सोडल्या व पत्नीला उतरायला सांगितले. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्या काय मोसंबी हाय का, कुलूप लावून आणायला? कडी आतून लागंस्तोर म्या उतरत नाय."

मी तिची समजूत घातली. पुंजारामने घातली, त्याला तिने तू तर बोलूच नको असे सांगितले. महिला अंमलदार मॅडमने तिला विचारले असता, नवऱ्याविरुद्ध तक्रार नाही, नवरा वाईट नाही, त्याला मागे वळून बघायची सवय नाही, एवढेच आहे, असे तिने सांगितले. हे ऐकून मला वाईट वाटले. चारचौघांत असल्याने मी टोपी नीट केली.

त्यानंतर गाडी ठाण्यात आणायची ठरली. मॅडम पत्नीसोबत आत बसल्या. कुलपाची किल्ली पत्नीने मागून घेतली. पायऱ्या मिटून दोरीने बांधल्या व दोरीचे टोक खिडकीतून आत, पत्नीच्या हातात दिले. मी गाडी सावकाश आणली आणि वाटेत सारखे आरशात पाहत होतो. सध्या गाडी ठाण्याच्या आवारात, या खिडकीसमोरच उभी आहे. पत्नी अजून आतच आहे.

माझा तिला कोंडण्याचा कोणताही हेतू नव्हता. रामकिसनशी फोनवर बोलणे झाले असून तो उद्या आतून उघडणारी कडी बसवून देतो म्हणाला आहे. पत्नीला किल्ला चढता येणार नाही, हे तिलाही माहीत आहे. तिला फक्त पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन भिंतीला हात लावायचा आहे. किल्ला संध्याकाळी बंद होतो, तरी आम्हाला त्याआधी सोडावे.

वर लिहिलेले हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचले. मी बरोबर आहे म्हणालो. तेवढ्यात गाडीतून पत्नीचा आवाज आला, "नाय बरूबर. गिरांडर बंद व्हतं."

त्यावरून आणखी सांगतो की, रामकिसनने कडीचे विचारले तेव्हा ग्राइंडर बंद होता. आवडाबाई लिंबाखालून म्हणाली होती, "मला बी आतून उघडता यावं, अशी ठिवा." ते मला ऐकू आले होते.

ही भर घालून सगळे पुन्हा पहिल्यापासून, गाडीपर्यंत ऐकू जाईल असे वाचले. वाचून होताच बाहेर दोरी सुटून पायऱ्या खाली आल्याचा आवाज झाला. जबाब आता खरा आहे, असे आम्हा दोघांचे म्हणणे आहे.

सही
कडूबा दादाराव शेजूळ