चहा न घेणारे साहेब

कुणाला सांगू नको, असं वडिलांनी बजावलंय, पण ऐकाच. कराची नोटीस आल्यापासून, इंदापूरचं आमचं दुकान सील होणार याची त्यांना धास्ती होती. परवा कर खात्याचे साहेबच दुकानात आले.

"आधी तुमचे हक्क सांगतो," साहेब म्हणाले. वडील पांढरेफटक पडले.

"चहा तर घ्या, साहेब."

"नको, नियमात बसत नाही."

"चहाबी न्हाय? मग संपलंच आमचं!"

मला राहवेना. पोत्यांआडून हळूच विचारलं, "मग आलात कशाला?"

"नोटीस आमच्या चुकीनं गेली. मागे घ्यायला आलोय."

वडिलांनी खाडकन शटर ओढलं. "आता चहा घेतल्याबिगर सोडत न्हाय!"

साहेब मला म्हणाले, "बाळ, करदात्याला पुष्कळ हक्क दिलेत, पण अधिकाऱ्याला कोंडायचा..."

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई!