शून्यावरचा काटा

आमच्या ह्यांची हुशारी ऐका. सासऱ्यांच्या जुन्या जीपच्या ऑईलचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर पडला. हे म्हणाले, "मीटर गेलं. नवं टाकू." जीप तशीच दामटत निमगावातून इंदापूरला तात्या मीटरवाल्यांकडं नेली.

तात्यांनी मीटर सोडवून त्याला सायकलचा पंप जोडला आणि दोनदा हवा मारली. काटा सरसर वर!

हे खूश. "झालं दुरुस्त!"

"बिघडलंच नव्हतं. इंजिनात ऑईल हाय का बघा."

ऑईल मोजायची पट्टी काढली, तर टोकाला जेमतेम थेंब.

नवं मीटर तात्यांच्या कपाटातच होतं, पण विकलं नाही. ह्यांना एवढंच म्हणाले, "त्यानंबी शून्यच दावलं असतं मालक, आन तुमी त्येबी फेकलं असतं."